सहीवाचून राहिलेला अर्ज

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. गौरी-गणपती आटोपले आणि माझा मेहुणा सांगलीहून आमच्याकडे वाईस आला. तो विम्याचा एजंट. कर्करोग, पक्षाघात अशा मोठ्या आजारांत रुग्ण हयात असतानाच रक्कम देणारी एक पॉलिसी त्या सुमारास नवीनच निघाली होती. ती आपल्या थोरल्या बहिणीने, म्हणजे माझ्या पत्नीने, घ्यावी असा त्याचा आग्रह होता. पत्नी मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. तिचीही इच्छा होती, कारण त्या दोघांची आई कर्करोगानेच गेली होती.

तो आजारांची यादी मोठ्याने वाचू लागला, तसे मी त्याला थांबवले. "दिवेलागणीची वेळ आहे. ही नावे घरात नकोत. वास्तू तथास्तु म्हणत असते."

"मग भावोजी, अंगणात जाऊन वाचू का? तिथलं तुमच्या वास्तूला ऐकू येत नसेल!"

"अंगणात नको रे, तिथे तुळस आहे," पत्नी म्हणाली, आणि दोघे भावंडे हसत सुटली.

मी हसलो नाही. तीस वर्षे पाठशाळेत व्याकरण शिकवलेला मी; उच्चारलेला शब्द वाया जात नाही, ही माझी श्रद्धा. "पितृपक्ष तोंडावर आहे. घटस्थापना होऊ दे, मग पाहू. आणि तोवर या घरात कोणी आजाराचे नाव काढायचे नाही." पत्नीने मान डोलावली. माझा शब्द तिने कधी मोडला नव्हता.

नवरात्रातल्या तृतीयेला मेहुणा अर्ज घेऊन पुन्हा आला. तो एकेक प्रश्न वाचून उत्तर लिहीत होता. "अंगावर कुठे गाठ वगैरे?" असे विचारून, उत्तराची वाट न पाहता, त्याने पेन टेकवलेही.

"थांब," ती म्हणाली. "आहे. डाव्या स्तनात."

"ताई! अगं, बोलली का नाहीस?"

"घरात नाव काढायचं नव्हतं ना," ती म्हणाली. स्वरात रोष नव्हता. शाळेतला एखादा नियम सांगावा तसे तिने ते सांगितले.

मेहुणा अर्जावर पुन्हा वाकला. मग हलकेच म्हणाला, "आत्ता 'नाही' लिहितो. तपासणीचे डॉक्टर वजन आणि रक्तदाबच बघतात."

आणि मी, ज्याने जन्मभर विद्यार्थ्यांना असत्याचे भय शिकवले, तो मी म्हणालो, "लिही. नाही म्हणूनच लिही."

"अहो, हे तुम्ही सांगताय?" तिने त्याच्या हातातले पेन काढून घेतले आणि त्याला टोपण लावले. "असल्या पैशाचं औषध मला लागू पडायचं नाही. उद्या मिरजेला जाऊ या."

मिरजेस शस्त्रक्रिया झाली, पुढे उपचारही झाले. दुसऱ्या वर्षीच्या चैत्रात ती गेली. मेहुणा अनेकदा माझी समजूत घाली, "भावोजी, भाद्रपदात सही केली असती, तरी पॉलिसी इतक्या लवकर लागू झाली नसती. मनाला लावून घेऊ नका." त्याचे म्हणणे खरे होते. पण मला छळते ते निराळेच.

मिरजेच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत तिला विचारले होते, "गाठ प्रथम केव्हा हाताला लागली?"

"अविधवा नवमीला. सकाळी, न्हाताना."

म्हणजे तृतीयेपर्यंत नऊ दिवस ती एकटीच ते जाणत होती. त्या नवमीला आमच्याकडे माझ्या आईचे श्राद्ध होते. सोवळे नेसून तिने एकटीने सगळा स्वयंपाक केला, सवाष्णीची ओटी भरली, सर्वांना आग्रहाने वाढले. शेवटी मी जेवायला बसलो. ती समोर पंख्याने वारा घालीत होती, आणि मी तिला म्हणालो होतो, "आज खिरीत साखर कमी पडली. लक्ष कुठे होते?"

"चुकलंच," ती म्हणाली, आणि साखरेचा डबा आणायला आत गेली.