सेओ म्हणजे शेव नव्हे

दुबईत आम्हा मराठी लोकांना संस्कृतीची भूक शुक्रवारी लागायची, कारण बाकीचे दिवस ऑफिस असायचं. नव्वदच्या दशकात ती नाट्यगीतांवर भागत असे. दोन हजारनंतर व्याख्यानं आली. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजी, पुढे खुर्ची, खुर्चीत वक्ता. वक्ता बहुधा मुलाकडे राहायला आलेला निवृत्त गृहस्थ असे, आणि विषय कुठलाही असला तरी शेवटी तो स्वतःवर येई.

एका महिन्यात वक्ता मिळेना, आणि माझ्या बायकोने हात वर केला.

ती मानसशास्त्रात एम.ए. लग्नाआधी मुंबईत कॉलेजात शिकवायची. मग माझी दुबईच्या देरा भागातल्या कार्गो कंपनीत नोकरी, आणि तिच्या व्हिसावर ‘हाउसवाइफ’. आपल्याला अजून खोलीभर माणसं धरून ठेवता येतात का, एवढंच तिला पाहायचं होतं. नाही जमलं तर पुस्तकं माळ्यावर टाकीन आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही, असं तिने मला बजावलं होतं. ती बोलते ते करते, म्हणून मला काळजी.

विषय तिने निवडला: आफ्रिकेतल्या माली देशातल्या डोगोन लोकांचं व्यक्तिमत्त्व, मनोविश्लेषणाच्या नजरेतून. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी फोनवर विचारलं, ‘ड्रॅगन का?’ मग ‘मुलांच्या परीक्षेचा ताण’ घ्या असं सुचवलं. अध्यक्षांनी गेल्या वर्षी दुबई मरीनात, बोटींच्या धक्क्यालगत, फ्लॅट बुक केला होता आणि तेव्हापासून ते बंदराच्या मालकासारखे बोलत. बायकोने विषय बदलला नाही.

जुन्या बाजारात मिळालेल्या एका पुस्तकावर तिची सगळी भिस्त होती. युरोपातले मनोविश्लेषक डोगोनांच्या गावी गेले, एकेकाला ठरल्या वेळी बसवून मनातलं बोलायला लावलं. त्यांना आढळलं की युरोपियन माणूस आपला ‘मी’ कुलपात ठेवतो. डोगोनाचा मात्र अर्धा ‘मी’ शेजाऱ्यांकडे ठेवायला दिलेला असतो. एकाला बोलवावं तर मागून चारजण येऊन बसत. मी म्हटलं, हे तर माझ्या सासुरवाडीचं वर्णन झालं. एरवी ती हसली असती.

मग मी माझी भर घातली. आमच्या कंपनीतून गाड्यांचे सुटे भाग मायदेशी पाठवणारा एक मालीचा व्यापारी डोगोन निघाला. दुबईच्या बाजारात तो हिंदी शिकला होता, म्हणून मी त्याला बोलावून टाकलं.

“पुस्तकातला माणूस समोर बसणार?” बायको म्हणाली. “आणि तो म्हणाला, असं काही नसतंच, तर?”

“तर निदान एकाने लक्ष देऊन ऐकलं असं होईल.”

शुक्रवारी तो आमच्या घरी गर्द निळा झगा घालून, खजुरांचा डबा घेऊन आला. आमच्या मुलीने मोठ्यांदा विचारलं, “आई, इज ही युअर पेशंट?” अध्यक्षांनी प्रास्ताविकात आफ्रिकेविषयी विस्ताराने सांगितलं; तिथे त्यांनी एकदा विमान बदललं होतं.

बायकोने वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या पानावर भिंतीला टेकलेले दोघे डोळे मिटून चिंतनात गेले. तिचा आवाज बारीक होत चालला. मग नमस्काराची रीत आली. दोन डोगोन भेटले की एक विचारत जातो, तू कसा, घरचे कसे, गुरं कशी. दुसऱ्याने दर वेळी म्हणायचं ‘सेओ’, म्हणजे ठीक. करून दाखवाल का, असं तिने पाहुण्याला विचारलं. त्याने वयाचा मान राखून अध्यक्षांना निवडलं.

खालच्या मजल्यावरच्या काकू आमच्या किचनमध्ये वडे तळत होत्या. त्यांना हॉल दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता.

घरचे कसे? “सेओ,” अध्यक्ष भारदस्तपणे म्हणाले. मुलं? “सेओ.” काकू शेवेची बशी त्यांच्यापुढे ठेवून गेल्या. काम? “सेओ.” गुरं? “सेओ!”

काकू डबाच घेऊन आल्या. “घ्या साहेब, सगळीच घ्या. पण वडे होतायत, जरा दम धरा.”

चिंतनातले दोघेही जागे झाले. पाहुण्याला विनोद समजावून सांगितल्यावर त्याने मूठभर शेव तोंडात टाकली आणि डोळे पुसत काकूंना विचारलं, तुम्ही कशा? काकूंनी गुडघ्यापासून सुरुवात केली. त्याने हात वर केला.

“आधी सगळं ठीक म्हणायचं. मग बसायचं. मग गुडघा.”

बायकोने हातातले कागद खुर्चीखाली ठेवले. तिने विचारलं, त्या विश्लेषकांकडे एकाच्या मागून चारजण का जात असतील? पुस्तक म्हणतं, एकटं पडायची भीती. पाहुणा म्हणाला, तो विश्लेषक परका माणूस, घरापासून लांब, त्याला तासभर एकाच्याच तोंडाकडे बघायला लावणं बरं दिसत नाही. सोबतीला गेले असतील.

“आणि भीती आणि पाहुणचार एकच असेल तर?” तिने विचारलं. आवाज आता बारीक नव्हता.

पाहुणा म्हणाला, “हे आईला विचारावं लागेल.”

मनोविश्लेषणाला आणखी काय हवं असतं? ती खदखदून हसली. मग आईवरून पोराचं अंगावरचं दूध सुटण्यावर, त्यावरून पोराला दुसऱ्या पोरांच्या ताब्यात देण्यावर ती अशी बोलत गेली की काकू गॅस बंद करून दारात येऊन बसल्या. अध्यक्षांनीही हात वर केला आणि मरीनातल्या आपल्या फ्लॅटच्या जागी अजून खड्डाच असल्याचं सांगितलं. त्यांना वर्षभर कुणी नीट विचारलंच नव्हतं.

आभारप्रदर्शन राहून गेलं. वडे ज्याने त्याने जाऊन घेतले. एक बाई विचारत होत्या की स्वप्नांचं काय, स्वप्नांवर कधी बोलणार?

“पुढच्या शुक्रवारी,” बायको म्हणाली. “इथेच.”

कार्यक्रम महिन्यातून एकदा असतो, हे अध्यक्षांनी सांगून पाहिलं. बायांनी तोवर पुढच्या शुक्रवारी आमच्याकडे कोण काय आणणार ते ठरवायला घेतलं होतं.