उतरण्यापुरती उंची

माझी गाडी जमिनीपासून किती वर असावी याबद्दल आमच्या घरात जितकी चर्चा झाली, तितकी माझ्या लग्नाबद्दलही झाली नव्हती. मी गोंदियात राइस मिलच्या मोटारी दुरुस्त करतो. दिवसभर कोंड्याच्या धुळीत बसणाऱ्या माणसाला एखादा शौक असावा असं माझं मत आहे, आणि माझा शौक म्हणजे ही टर्बोची पेट्रोल गाडी. घेतली तेव्हा ती शोरूममधल्या इतर गाड्यांसारखीच होती. मग मी तिच्यामागे हात धुऊन लागलो. मूळ सस्पेन्शन काढून उंची कमी-जास्त करता येणारं बसवलं आणि गाडी चांगली चार बोटं खाली आणली. सतरा इंची अलॉय चाकं घातली, त्यावर पातळ टायर, पुढच्या बंपरखाली जमिनीला टेकायला आलेली काळी पट्टी, म्हणजे लिप. शेवटी नागपूरच्या ट्यूनरकडून इंजिनचा कॉम्प्युटर इथेनॉलसाठी नव्याने सेट करून घेतला. पेट्रोलमध्ये इथेनॉल जास्त असलं की टर्बोचा दाब वाढवता येतो आणि गाडी अशी सुटते की पाठ सीटला चिकटते. त्याबदल्यात अ‍ॅव्हरेज पडतं, थंडीत गाडी सुरू व्हायला कुरकुर करते आणि इथेनॉलचे कॅन नागपूरहून वाहून आणावे लागतात. हे सगळं मी आनंदाने सोसत होतो.

धुराला जरा गोडसर वास येतो. आईने पहिल्याच दिवशी नाकाला पदर लावून निकाल दिला, "मोहाची पिऊन आल्यावानी करते तुही गाडी."

आईचं माहेर सालेकसा तालुक्यात, कचारगडाच्या वाटेवर. दिवाळीनंतर तिकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, दिवसा दंडारीचा नाचगाण्यांचा खेळ, रात्री नाटक, आणि घरोघर पाहुणे. लग्न होऊन गेलेल्या मुली त्या दिवशी हमखास येतात. आई मात्र काही वर्षं गेली नव्हती. गेली होती ती शेवटची एसटीने. गुडघे आधीच झिजलेले, बसच्या पायरीवर ते अडले ते अडलेच. मागचे लोक ओरडायला लागले. शेवटी कंडक्टर आणि पानठेल्यावरचा एक माणूस, अशा दोघांनी तिच्या काखेत हात घालून तिला उचललं आणि खाली ठेवलं. मंडईचा दिवस, सगळं गाव चौकात. त्यात तिचा धाकटा भाऊही होता.

तेव्हापासून मामा दरवर्षी बोलवायला येई आणि आई दरवर्षी त्याला चहा पाजून परत पाठवी. कारण तिने फक्त मला सांगितलं होतं. आपल्या पायाने भावासमोर उतरता येईल तेव्हाच ती त्या गावात जाणार होती. ऑपरेशनला ती तयार नव्हती, आणि तिची साखर पाहून डॉक्टरही फारसा आग्रह करत नव्हते.

मागच्या वर्षी मामा आला तो हट्टानेच. "ह्या साली त ये, बाई. माह्या नातवाले तुनं पाह्यलंच नाही." आई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुह्या गाडीतून मले उतरता येईल का?"

खरं उत्तर नाही असं होतं. त्या गाडीतून चांगल्या गुडघ्यांचे माझे मित्रसुद्धा हात टेकत बाहेर पडतात. जीप केली असती तर ती फार उंच, रिक्षात हादरे. मी बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं की गुडघेदुखीच्या माणसाला सीट कमरेच्या बेताने लागते, ना वर ना खाली. आणि उंची हवी तशी करता येणारं सस्पेन्शन गोंदिया जिल्ह्यात माझ्याइतकं कौतुकाने कोणी बसवलं नसेल. मी पाना घेऊन गाडीखाली शिरलो आणि सस्पेन्शनच्या रिंगा फिरवून गाडी वर घेतली. ट्यूनरला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "भैया, इतना उठाओगे तो ट्रॅक्टर दिखेगी." मी त्याला त्याचं काम करायला सांगितलं.

मग रोज संध्याकाळी आमच्या गल्लीत सराव सुरू झाला. आई गाडीत बसे, दार उघडे, दोन्ही पाय एकदम बाहेर काढे, एका हाताने दाराची चौकट धरे आणि उठे. जमलं नाही की मी गाडी अजून जराशी वर घेई. शेजारणी ओट्यावर बसून सूचना करत. एकीने विचारलं की काकू गाडी शिकतात का. आईची सगळी ताकद उठण्यात खर्च होत होती. दिवाळी येईपर्यंत ती कोणाचा हात न धरता उतरायला लागली. पहिल्यांदा जमलं तेव्हा ती दाराला धरून नुसती उभी राहिली आणि मला म्हणाली, "आता जाऊ." मला इतका आनंद गाडीने कधी दिला नव्हता.

मंडईच्या सकाळी थंडी होती आणि इथेनॉलने आपला गुण दाखवला. नवं लुगडं नेसून आई सीटवर बसलेली, आणि मी स्टार्टर मारतोय, मारतोय. आई समोर बघत राहिली. गाडी एकदाची सुरू झाली तेव्हा मी घामाघूम झालो होतो.

माहेरच्या गावाच्या अलीकडे रस्ता एकेरी आहे. तिथे डांबरावर धान वाळत घातलं होतं. आमच्याकडे हे नेहमीचंच. खळ्यापेक्षा डांबर लवकर तापतं, आणि येणारी-जाणारी गाडी धानावरून हळू गेली तर कोणी काही म्हणत नाही. पण दव पडतं म्हणून रात्री ते धान रस्त्याच्या मधोमध ओढून त्याची लांब रास करतात आणि ताडपत्रीने झाकतात. आम्ही पोचलो तेव्हा ताडपत्री नुकतीच निघाली होती आणि रास तशीच होती. जीप असती तर रास पोटाखालून गेली असती. गाडी मी कितीही वर घेतली असली तरी पुढची लिप काढली नव्हती. तिने धान नांगरत नेलं असतं. दोन्ही बाजूंना धानाच्या ओल्या बांध्या, गाडी शेतात उतरवायची सोय नाही. एक म्हातारी बाई एकटीच फावड्याने रास पसरत होती, आणि तिला काही घाई नव्हती.

मी उतरून तिला मदत करावी अशा विचारात होतो, तोच माझ्या शेजारच्या सीटचं दार उघडल्याचा आवाज आला. मी वळेपर्यंत आईचे दोन्ही पाय बाहेर होते. तिने चौकट धरली आणि उठली. इतक्या संध्याकाळी आम्ही ज्यासाठी घालवल्या ते उतरणं एका म्हातारीसमोर झालं आणि तिने मान वर करूनही पाहिलं नाही.

आईने चपला काढल्या आणि धानात पाय घातला. वाळतं धान आमच्याकडे बायका पायानेच फिरवतात. पाऊल उचलायचं नाही, नुसतं घासत पुढे न्यायचं, म्हणजे मागे सरी पडते. पाऊल उचलायचं नसल्यामुळे गुडघा फारसा वाकत नाही. आई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. रास बसत गेली. तेव्हा कुठे म्हातारीने तिच्याकडे पाहिलं.

"कोनाची व तू?"

आईने बापाचं घर सांगितलं.

"हव का! मले वाटलं तू मेली."

"नाही अजून," आई म्हणाली, आणि दोघी हसल्या. मी आईला असं हसताना फार दिवसांनी पाहिलं.

रस्ता मोकळा झाला. मी दार उघडून धरलं, तर ती बसेना. "आता बसली त पुन्हा उतरनं होनार नाही," ती म्हणाली. "तू मागून ये." मामाचं घर तिथून दिसत होतं. दिसणारं घर जवळच असतं असं नाही. ती चालली, आणि मी पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागे. ती मधेच थांबे, कमरेवर हात ठेवून उभी राही, पुन्हा निघे. मी दोनदा हॉर्न वाजवला, तिने हातानेच नको म्हटलं. पुढे मंडईचे लोक बाजूला होऊन तिला वाट देत होते. माझी गाडी कोणी बघत नव्हतं.

मामा फाटकात उभा होता. तो धावत पुढे आला तेव्हा तिने त्याला हाताने थांबवलं, फाटकाचा खांब धरला आणि मगच श्वास घेतला.

"बाई, पायी काऊन आली?"

"लेकाची गाडी हाय ना मागं."

मामाने वाकून गाडीची पुढची लिप पाहिली. "इतकी खाली काऊन हाय? पाटे तुटले का?" माझ्या सस्पेन्शनबद्दल त्या गावात तेवढंच बोलणं झालं.

दिवसभर आई अंगणात खुर्चीवर बसून होती. मामाचा नातू तिच्या मांडीवर, आणि सगळं गाव तिला भेटून जात होतं. दुपारनंतर तिचे गुडघे सुजून टम्म झाले. निघायची वेळ झाली तेव्हा तिला उठताच येईना. मामाने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. अंगण माणसांनी भरलं होतं. मला भीती वाटली, तिच्या गुडघ्यांची नाही, तिच्या चेहऱ्याची.

आईनेच दोन्ही हात वर केले. "उचला," ती म्हणाली. "मी आली त आपल्या पायानं आली. आता न्या कसंबी."

आम्ही तिला उचलून गाडीत ठेवलं. मामा दार लावताना रडला. मी रडलो नाही, मला राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हे मला कळत नव्हतं.

या दिवाळीनंतर मामा पुन्हा बोलवायला आला. मी गाडी काढतो म्हटलं. आईने त्याच्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "आता नाही येत, भाऊ. माह्यं येऊन झालं."

मामाने चहा संपवला आणि पुन्हा विचारलं नाही.