हळदीतलं तेल

कुलदीप माझा शाळेपासूनचा मित्र. गडचांदूरला गॅसकटरने लोखंड कापायचं काम करतो. त्याच्या हळदीच्या दिवशी मांडवाबाहेर ट्रॉली उलटली. शेजारच्या रामाजीभाऊंचा पाय तिच्या लोखंडी दांड्याखाली अडकला. रक्त थांबेना.

मी कुलदीपच्या गॅसकटरच्या सिलिंडरांचा गाडा ढकलत आणला. कुलदीप मात्र हात धूत बसला होता. साबण लावायचा, पुसायचा, वास घ्यायचा, पुन्हा साबण.

“नवरदेवा, हळद मंग उतरव!” रामाजीभाऊंची बायको कांताबाई ओरडली. “माणूस मरून राह्यला इथी!”

मी चिडलो. ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी स्वतःच फिरवायला गेलो. त्याने मला जोरात ढकललं.

“तुले बी हळद लागली हाय. तिच्यात तेल हाय. ऑक्सिजन स्वतः जळत नाई, पण तेलाले असा भडकवते का भाऊबी राह्यचा नाई अन् तूबी.”

त्याने तेलकट बनियन काढून फेकली, तिसऱ्यांदा हात धुतले. मग रामाजीभाऊंच्या पायावर ओलं पोतं टाकून दांडा कापला. पाय मोकळा झाला.

सगळे तिकडे धावले. मी गाड्यापासून दहा पावलं दूर उभा होतो, हात अंगापासून लांब धरून.