नववे अंग

साष्टांग नमस्काराची आठ अंगे शास्त्राने सांगून ठेवली आहेत. छाती, मस्तक, दृष्टी, मन, वाणी, हात, पाय आणि गुडघे. त्यांत पोट नाही. शास्त्रकारांना ते आठवले नसेल, असे मी मानत नाही. देवापुढे आडव्या होणाऱ्या भक्ताचे पोट बाकीच्या अंगांच्या आधी भूमीला पोहोचेल, ही शक्यता त्यांना विचारात घेण्याजोगी वाटली नसावी. सत्तरी ओलांडली तेव्हा माझे हे नववे अंग एवढे माजले होते की छातीला जमीन लाभत नसे आणि कपाळ अधांतरी राही. गोल बुडाच्या घागरीसारखा मी महादेवापुढे डुलत असे, आणि उठवायला दोन माणसे लागत.

तेव्हा मी नमस्कार घालणेच सोडले. वडनेरच्या आमच्या देवळात सभामंडपाच्या खांबावर एक हात टेकून उभ्यानेच मान लववू लागलो. याचा गावाने लावलेला अर्थ ऐकण्यासारखा आहे. एका श्रावणात माझ्या पाठीमागे एक शेतकरी आपल्या सुनेला सांगत होता, "गुरुजी कायले आडवे पडतीन? येवढं शास्त्र पाठ हाय त्यायले. थे देवाच्या बरोबरीचे झाले आता."

सून हात जोडून माझ्याकडे पाहत राहिली. ज्याच्यापुढे वाकता यावे म्हणून आयुष्यभर अध्ययन केले, त्याच्यापुढे वाकता येत नाही, आणि त्या न वाकण्याचीच पूजा होते! मूर्ख माणसाची निंदा सहन करता येते. त्याच्या आदराला मात्र उत्तर नसते. त्या दिवशी मनाशी ठरवले की देह ठेवण्यापूर्वी एकदा तरी आठही अंगांनी, कोणाच्या हाताचा आधार न घेता, हा नमस्कार पुरा करायचा.

हे पोट आकाशातून पडलेले नव्हते. वास्तुशांती, व्रतबंध, श्राद्धे यांच्या पंक्तींत बसून मी ते स्वहस्ते घडवले होते. पुरणाची पोळी तुपाच्या वाटीत बुडवून खाणारा आमचा मुलूख. तिथे नको म्हणणे हा यजमानाचा अपमान समजतात. 'यजमानाचे मन मोडू नये' हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारले की ते मला धर्मवचन वाटू लागले होते. वस्तुतः ते जिभेच्या लौल्याला नेसवलेले सोवळे होते. उपवासाच्या दिवसाबद्दल तर बोलूच नये. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि वर दह्याची वाटी. एवढे खाऊन आम्ही उपाशी आहोत असे देवाला सांगणारा समाज पृथ्वीवर दुसरा नसेल.

गुडघ्यांसाठी वर्ध्याला एका डॉक्टर मुलीकडे गेलो. तिने क्ष-किरणांचे छायाचित्र प्रकाशासमोर धरले आणि म्हणाली, "आजोबा, गुडघ्यांचा दोष फार नाही. त्यांच्यावर बसलेल्या माणसाचा आहे."

मला 'आजोबा' म्हणणारे फारसे कोणी नाही. सगळे 'गुरुजी' म्हणतात. पण वाक्य निर्दोष होते.

"औषध देते, पण खरं काम ताटात आहे," ती पुढे म्हणाली. "सगळं एकदम सोडू नका. महिन्याला एकच गोष्ट बदला आणि ती कायमची बदला. तुमच्या वयात घाई नको."

एवढेच. माझ्या ऐकण्यात आलेल्या सगळ्या उपदेशांत हा एकटाच उपदेश अध्ययनाच्या पद्धतीला धरून होता. आधी एक ऋचा पक्की करावी, मग दुसरी घ्यावी.

पहिल्या महिन्यात चहातील साखर गेली. दुसऱ्या महिन्यात वरणभातावरचे तूप नैवेद्याच्या थेंबाएवढे झाले. मग दोन पोळ्यांच्या जागी ज्वारीची एक भाकर आली. मग रात्रीचे जेवण दिवेलागणीला सरकले. गावात भाजी पिकवणारी घरे पुष्कळ. ती मंडळी बाजाराला निघताना दुधी, दोडके, चवळीच्या शेंगा आमच्या ओट्यावर ठेवून जात, आणि इतकी वर्षे आम्ही त्या गाईला घालत आलो होतो. आता गाय आणि मी वाटून खाऊ लागलो.

माझी पत्नी या प्रकाराकडे प्रथम संशयाने पाहत होती.

"आठ दिवस टिकेल," ती म्हणाली.

"आणि टिकले तर?"

"तर मी पण दुधी खाईन. नाहीतर तुमच्या एकट्यासाठी कोण चिरून राहिलं?"

टिकले. कसे टिकले, हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आणि उत्तर कोणालाच आवडले नाही. हल्ली सगळ्यांना 'मोटिव्हेशन' हवे असते. सकाळी उठायला मोटिव्हेशन, चालायला मोटिव्हेशन, समोरची जिलबी न उचलायला मोटिव्हेशन; आणि ते मोबाइलवर ओरडणाऱ्या कोणा तरुणाकडून दररोज ताजे मिळाले पाहिजे. शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांनी आग्रह केला म्हणून हिंगणघाटला असल्या एका मंडळात मी एकदा जाऊन आलो. सकाळच्या वेळी पन्नाशीची माणसे गोल करून उभी होती. ज्याचे वजन अधिक घटले त्याच्या गळ्यात पट्टा घालून टाळ्या पिटत होती, आणि मग सर्वांनी कसलेसे गुलाबी चूर्ण पाण्यात घोटून प्यायले. परतताना त्याच गृहस्थांनी बसस्थानकासमोर तेलाचा तवंग तरंगणारे तर्रीपोहे मागवले आणि मला म्हणाले, "आज टाळ्या मिळाल्या गुरुजी, आज चालते."

टाळीची ऊब तर्रीपोह्यांच्या दुकानापर्यंतही पुरत नाही, हे मी तिथे पाहिले. मी लहानपणापासून दोन वेळा संध्या करतो. उत्साह आहे म्हणून केली, नाही म्हणून राहिली, असे कधी झाले नाही. उत्साह हा पाहुणा आहे. आला तर पाट मांडावा, पण घर त्याच्या भरवशावर चालवू नये. ताटातला प्रत्येक बदल मी नित्यकर्मांत नेऊन बसवला, म्हणजे त्याविषयी रोज नव्याने विचार करण्याची गरज उरली नाही. ही गोष्ट सांगितली की लोक जांभई देतात. पट्टा नाही, टाळी नाही, चूर्ण नाही. मग यात काय आहे?

तरी मीही मनुष्य आहे, आणि काही प्रगती दिसल्याशिवाय मनुष्याचा जीव रमत नाही. वजनाचा काटा मला कधी विश्वासाचा वाटला नाही. माझे माप निराळे होते. दर सोमवारी पहाटे, देऊळ रिकामे असताना, अभिषेक आटोपला की मी नंदीच्या मागे आडवा होई. पत्नी फुलांची परडी घेऊन शेजारी बसलेली असे. कपाळ आणि फरशी यांच्यामध्ये किती अंतर उरले, ते तीच पाहणार आणि नंतर मला उठवणारही तीच; ताट हलके झाल्यापासून एक माणूस पुरत होते.

पहिल्या सोमवारी ती वाकून म्हणाली, "नारळ जाईल अजून खालून. शेंडीसकट."

श्रावण लागेपर्यंत लिंबू जाईल इतपत झाले. मात्र पोळ्याला यजमानाकडे पुरणाच्या चार पोळ्या झाल्या, आणि सोमवारी पत्नीने परडीतल्या नारळाकडे पुन्हा बोट केले. तिच्या त्या बोटापुढे मंडळातल्या सगळ्या टाळ्या फिक्या आहेत. पुढे लिंबाची सुपारी झाली आणि मग कितीतरी सोमवार सुपारीच राहिली. ताटातून काढण्यासारखे आता काही उरले नव्हते आणि कपाळ तर खाली जात नव्हते. त्या काळात माझ्या तोंडून एकदा निघून गेले, "एवढेच व्हायचे असेल. पुरे आता."

"संध्या फळाला येईपर्यंतच करायची असते का?" पत्नीने विचारले आणि निर्माल्य गोळा करू लागली. माझेच शास्त्र मला ऐकवण्याची तिची ही खोड जुनी आहे.

याच सुमारास गावचा एक व्यापारी आमच्याकडे आला. धान्य आणि गूळ यांचा त्याचा मोठा धंदा, माणूस भाविक, आणि त्याच्या घरची सगळी कार्ये माझ्या हातची. मला पंच्याहत्तर पूर्ण होत होती, त्या दिवशी देवळात माझी गुळाची तुला करायची, असे त्याने देवाला बोलून ठेवले होते. एका पारड्यात मी, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या, आणि तो गूळ गावाला प्रसाद. त्याने मला आपादमस्तक न्याहाळले आणि त्याचा चेहरा उतरला.

"गुरुजी, तुम्ही वाळून काऊन राह्यले जी?"

"मिताहार चालू आहे."

"आत्ताच कायले? आर्वीकडच्या एका गावात मागच्या साली बुवाची तुला झाली. भेल्या ठेवून ठेवून लोकं दमले, पण पारडं काही उठे नाई. आपल्या गावाची इज्जत हाय ना काही? तुला झाल्यावर सोडा जी जेवण. तोवर मी तूप पाठवतो."

त्याने खरोखरच तूप पाठवले. पाठोपाठ गावही मला चारू लागले. कोणी कोथिंबिरीची सांबारवडी आणी, कोणी गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, कोणी पेढे. "गुरुजी, गावासाठी घ्या." "गुरुजी, तुमचं वजन म्हंजे आमचा प्रसाद." माझ्या विद्येसाठी ज्या गावाने कधी एक पोथी मागून वाचली नाही, ते गाव माझ्या चरबीसाठी एकवटले. साधूचे पुण्य किलोने भरते, हा सिद्धांत या लोकांनी कोणत्या दर्शनातून काढला, ते मला अद्याप सापडलेले नाही. पोळ्यासाठी बैल तयार करतात, तसा मी तयार होत होतो. फरक इतकाच की बैलाला कोणी गुरुजी म्हणत नाही.

मी वाद घातला नाही. वाद ज्याच्याशी घालावा त्याच्यापाशी निदान एक प्रमाण असावे लागते. आलेले सगळे देवाला दाखवून ओट्यावर ठेवत असे, आणि शाळेतून सुटलेली पोरे ते संपवत. गाव समजत होते की गुरुजी जोमात खात आहेत.

तुलेच्या दिवशी मंडपात व्यापाऱ्याच्या गोदामातला जुना काटा साखळीने टांगला होता. त्याच्या पारड्यात मी मांडी घालून बसलो. व्यापाऱ्याने माझ्या अंगावर एक शाल घातली, तीवर दुसरी, तिसरी. मग मांडीवर नारळ आले. मग तो देवळातली पितळी समई उचलून आणू लागला.

"हे काय?" मी विचारले.

"असू द्या जी. शोभा दिसते."

वर्षानुवर्षे ज्याचा अंगठा आपल्या बाजूने काट्याला लागत आला, तो माणूस आज प्रथमच दुसऱ्याच्या बाजूने माप वाढवत होता. त्याच्या दृष्टीने ही भक्ती होती, आणि कदाचित त्याच्याजवळ असलेली सर्वांत खरी भक्ती हीच असेल. पण देवापुढे खोटे माप मला चालणार नव्हते. समई परत पाठवली, नारळ खाली ठेवले, शाली काढून दिल्या. भेल्या चढू लागल्या आणि पारडे लाजिरवाण्या वेगाने समतोल झाले.

"झालं?" गर्दीतून कोणीतरी म्हणाले. "थो बुवा यायच्या दुप्पट भरला होता."

"पेन्शन सुरू झाल्यावर माणूस वाळतेच जी."

"पेन्शन कुठली त्यायले? दुधी खाते थे. म्या पाह्यलं."

व्यापारी उरलेल्या भेल्यांच्या राशीकडे पाहत उभा होता. मी पारड्यातून उतरलो आणि सरळ गाभाऱ्याच्या उंबरठ्यासमोर गेलो. आदल्या सोमवारी सुपारीच्या जागी बेलाचे पान आले होते, एवढेच मला ठाऊक होते. मधले ते पानही निघाले की नाही, ते ठाऊक नव्हते. गुडघे टेकले, हात पुढे सरकवले, छाती खाली गेली. नववे अंग वाटेत आले नाही. कपाळाला फरशी लागली. गार, ओली, बेलाचा वास असलेली. कित्येक वर्षांनी लागली.

आणि मागे एकच आरडाओरड झाली.

"गुरुजी पडले! पानी आना, पानी!"

"म्या म्हटलंच होतं, खात नाई म्हनून!"

"गूळ द्या तोंडात, गूळ!" हा आवाज व्यापाऱ्याचा. त्याची पावले धावत जवळ येत होती.

मला नमस्कार घालताना या गावाने इतक्या वर्षांत पाहिलेच नव्हते, म्हणून माझ्या नमस्काराला त्यांच्यापाशी दुसरे नाव नव्हते. मी हललो नाही. मन आणि वाणी हीही आठांतलीच दोन अंगे आहेत. ती या गोंधळात उचलून घेतली असती, तर इतक्या महिन्यांचा दुधी व्यर्थ गेला असता.

तेवढ्यात पत्नीचा आवाज आला. देवळात ती मोठ्याने बोलत नाही; त्या दिवशी बोलली.

"कोणी हात लावू नका त्यांना. नमस्कार करून राहिले ते."

धावणारी पावले जागीच थांबली. मी आणखी थोडा वेळ तसाच राहिलो. मग हात टेकले, एक गुडघा उभा केला, आणि मी उठलो. कोणीही हात दिला नाही. व्यापारी गुळाचा खडा चिमटीत धरून तसाच समोर उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. माझ्यामुळे की भेल्यांमुळे, ते मी विचारले नाही. प्रसाद नाकारू नये. त्या खड्यातून तुरीच्या दाण्याएवढा गूळ काढून मी जिभेवर ठेवला.

घरी येताना पत्नी म्हणाली, "पान निघालं."

मी हो म्हटले. तिने विचारले, "मग संध्याकाळी काय करू? दोडका पडला आहे."

दोडकाच केला.