अल्पाकाच्या कपाळाला भंडारा

आत्याबाईंना जाऊन आज एक वर्ष झालं आणि मला सकाळपासून हसूच येतंय.

कुणाला वावगं वाटलं तर माफ करा. पण शेवटपर्यंत वाचा.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. म्हसवडच्या अलीकडचं आमचं गाव. जन्म मेंढरांमागं गेला त्यांचा.

गुडघे गेले, आमचे हे मिलिटरीतून रिटायर होऊन मलकापुरात फ्लॅट घेऊन बसले, आणि कळप विकला.

तेव्हापासून बाई गप्प.

एकच बोलायच्या, “एकदा लोकरीत हात घालायचाय गं सुमन.”

“मग गावाकडं जाऊन येऊ की, आत्याबाई.”

“नगं. माझीच मेंढरं दुसऱ्याच्या कळपात दिसली तर? मी वळखीन ना त्यास्नी. छाती फुटंल माझी.”



मग माझ्या भाचीनं मोबाईलवर दाखवलं. पाचगणीच्या वरच्या अंगाला एक फार्म आहे, तिथं अल्पाका नावाचं परदेशी जनावर पाळलंय. अंगभर लोकर! गाईड आत घेऊन जातात, हळूच हात लावू देतात.

मी म्हटलं, हेच! लोकर आहे आणि ओळखीचं कुणी नाही!

आम्ही तिघं निघालो तेव्हा आत्याबाईंनी घोंगडं खांद्यावर टाकलं. मी म्हटलं, “अहो, तिथं शाळा-कॉलेजची पोरं असतात, चांगली शाल घ्या.”

“शाल तू घे,” म्हणाल्या.

फार्मवर पूजा नावाची गाईड होती, वाईकडची, चुणचुणीत. तिनं नियम सांगितले.

“मागनं जायचं न्हाई. वरडायचं न्हाई. मानेला हात लावा, डोक्याला लावायचा न्हाई. आनि आपन त्याच्याकडं जायचं न्हाई, त्यानं आपल्याकडं यायचं. पंधरा मिनिटं.”

दारात खाद्याची वाटी विकत मिळत होती. सगळ्यांनी घेतली.

मी नाही घेतली. म्हटलं, तिकिटात दर्शन आहे ना, वर प्रसाद कशाला!

आत सहा अल्पाका. आई गं! काय ते डोळे, काय त्या पापण्या!

आत्याबाई बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, “मान उंटाची, अंग मेंढराचं. आनि तोंड आपल्या भानुदासाचं, झोपंतनं उठल्यावाणी.”

ज्यांचं नाव घेतलं ते आमचे हे म्हणाले, “अगं आये, हळू बोल की!”

पण झालं काय, सहाच्या सहा अल्पाका वाटीवाल्यांकडे गेले. आमच्याकडे एकही फिरकेना.

पाच मिनिटं गेली. दहा गेली.

आत्याबाईंचा हात तसाच पुढं. रिकामा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका वाटीसाठी मी हे काय करून बसले! मी वाटी आणायला दाराकडे पळाले, तर पूजा म्हणाली, “काकू, पळू नका, ती बिचकत्यात.”

मनात सिद्धनाथाचा धावा केला.

वळून बघते तर आत्याबाई खाली बसलेल्या! डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून बजावलेलं, आणि ह्या गवतावर घोंगडं पसरून, पाय लांब करून, रानात बसाव्यात तशा निवांत.

कोपऱ्यातला एक तपकिरी अल्पाका नाकातून आवाज काढत होता. हूंऽऽ.

ह्या पण म्हणाल्या, हूंऽऽ.

त्यानं मान वळवली.

आला. एकेक पाऊल टाकत आला. घोंगड्याची कड हुंगली. मग दुसरी कड हुंगली. आणि पाय दुमडून शेजारी बसला!

पूजा माझ्या कानात म्हणाली, “काकू, ह्यो कुनाजवळ बसत न्हाई वो कधी.”

आत्याबाईंनी मानेच्या लोकरीत हात घातला. मनगटापर्यंत बुडाला हात.

डोळे मिटले त्यांनी. मी फोटो काढायचा विसरले.

आणि मग त्यांनी कनवटीची पिशवी सोडली.

आमच्यात नवं मेंढरू दारात आलं की त्याच्या कपाळाला बिरोबाचा भंडारा लावतात. हाताला सवय ती! पूजा “आजी, डोक्याला न्हाऽई” म्हणेपर्यंत हळदीची पाच बोटं कपाळावरच्या झुबक्यात उमटलेली.

अल्पाका उठला. कान मागं टाकले. आणि थुंकला.

माझ्यावर! नव्या शालीवर!

आत्याबाई खदाखदा हसल्या. कळप गेल्यापासून पहिल्यांदा.

“मला वळखलं गं त्यानं! म्हनून तुझ्यावर थुकलं!”

निघताना त्यांनी पूजाला विचारलं, “कातरनी कवा?”

“उन्हाळ्याच्या तोंडाला, आजी.”

“मी येती. मशीन लावू नगा, मी येती.”

दुसऱ्या दिवशी ह्यांना माळ्यावर चढवून लोकरीची कातर काढायला लावली. धार लावून आणली. रोज विचारायच्या, “ऊन वाढलं का गं? त्याला उकडत आसंल.”

शेवटच्या दिवशी दवाखान्यातही तेच.

कातरणीला पंधरा दिवस राहिले होते.

वर्षभर फार्मला फोन करायचा मला धीर झाला नाही. आज नैवेद्य दाखवला आणि केला.

पूजानं लगेच ओळखलं. आत्याबाई गेल्याचं मी सांगितलं. तशी ती म्हणाली, “काकू, त्या उन्हाळ्यातच कातरलं त्याला. पन डोक्यावरचा झुबका आमी ठेवतो. त्यात अजून पिवळं हाय जरासं. लोक इचारत्यात, ह्यो जन्मताच आसा हाय का?”

“मग तू काय सांगतेस?”

“सांगती की, आमच्या आजीनं लावलंय.”

आत्याबाई, ऐकलंत ना?

त्याला वेळेवर कातरलं. उकडलं नाही त्याला.

तुमची कातर तेलाचा हात फिरवून घोंगड्यात ठेवली आहे. काळजी करू नका, निवांत बसा.

तुमच्या पायांवर डोकं ठेवते.

तुमची सुमन