पंगतीला न बसलेले

कमल गेल्याचा फोन शेजारच्या माथुरजींकडे आला, तेव्हा मी विरजण लावत होते. कुंपणापलीकडून ते म्हणाले, "भाभीजी, आपकी कमलजी नहीं रहीं... खातीपुरावाली शारदाजी का अस्पताल से फोन था।" हात दुधाचा तसाच राहिला. खोटं कशाला सांगू, रडू फुटायच्या आधी मनात आलं ते हे, की दवाखान्यात शेवटी तिच्या उशाशी शारदा कशी? मी का नाही? महिना होत आला, पण ती जळजळ काही जात नाही.

कमल वऱ्हाडातली, इथे हिंदी मुलखात कॉलेजात जीवाणूशास्त्र शिकवायची. शास्त्री नगरात आमच्या मागच्याच गल्लीत एकटी राहायची. मी सांगलीकडची, शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं रद्दीतून वाचून शिकलेली. पण माया लावायला कुठलं शिक्षण लागतं? दर रविवारी ती माझ्याकडे जेवायला. बासुंदी, श्रीखंड, कटाची आमटी, आणि तोंडी लावायला माझी बडबड. ती आपली "हं, हो आक्का" एवढंच. मधूनच चमचा ताटाच्या कडेवर वाजवायची, टक् टक्... की मी समजायचे, अजून हवंय. लगेच वाढायचे.

एकदा हट्टानं तिच्या प्रयोगशाळेत गेले. रामगडच्या तलावाचं पाणी आणलं होतं. सूक्ष्मदर्शकात थेंबभर पाणी बघितलं तर तीळ सांडावेत तसे जीव! आणि तेच पाणी घालून जीव वाढवायला ठेवलेल्या काचेच्या बशीत उगवलेले ठिपके मात्र मोजके.

"बाकीचे मेले?" मी विचारलं.

"मेले नाहीत वं आक्का. जेवले नाहीत. आम्ही बशीत दाट रस्सा वाढतो, वर ऊब माणसाच्या अंगाएवढी. हे बिचारे जन्मभर गार, पातळ पाण्यावर राहिलेले. पंगतीला बसले तेवढेच मोजायचे, आन् लिहायचं की तळ्यात एवढेच राहतात!"

"मग पुरणपोळी वाढून बघ!"

"तेच तं चुकते ना बापा..."

मग तिनं बशांतलं खाणं पातळ केलं. उगवायला वेळही भरपूर द्यायचा होता, आणि त्यासाठी शांत, गार जागा हवी होती. कॉलेजातलं बशा उबवायचं कपाट कायम तापलेलं. मी म्हटलं, माझी कोठीची खोली आहे की! फिनेलनं फरशी पुसली, धूप फिरवला. कमल आली, दारातच वास घेऊन हसत सुटली. "काहून वं आक्का, वास्तुशांत केली का? यात एक जीव जगणार नाही." आणि बशा गेल्या शारदाकडे.

शारदा आमच्यासारखीच मराठी, लष्करातल्या सुभेदाराची बायको. खातीपुऱ्याच्या क्वार्टरमध्ये तिची मागची खोली बंदच असायची. वर्षात चार वाक्यं बोलेल तर शपथ. तिच्यात काय पाहिलं कमलनं, हे मला कधी कळलं नाही. पुढे एका रविवारी कमल सांगायला लागली, "आक्का, उगवले! टाचणीच्या टोकाएवढे, गुलाबी, फिके, कधी न पाहिलेले..." मी म्हटलं, "आधी पुरी घे, गार होतेय." तिनं पुरी घेतली.

तेराव्याला शारदा भेटली. सहज म्हणाली, "कमलताई किती छान गायच्या ना."

"कमल? गायची?"

"हो. प्रिन्सिपॉलसाहेबांची नक्कलही करायच्या. मोडलेल्या लग्नाचंही सांगितलं एकदा. मी काही विचारत नसे, आक्का. भाजी निवडत बसायचे."

"आणि वाढायचीस काय तिला?" माझा आवाज चढला होता.

"काही नाही. कोरा चहा."

कोरा चहा! माझी एवढ्या वर्षांची बासुंदी, आणि गाणं मिळालं ते कोऱ्या चहाला...

प्रयोगातली, टवका उडालेली एक काचेची बशी कमलनं मला दिली होती. मी तीत विरजण ठेवते. परवा रविवारी तिच्या जागेसमोर कोरा चहा घेऊन बसले, तोंड मिटून. जमत नाही हो मला. हात चाळवतात. नकळत चमचा त्या बशीच्या कडेवर वाजवला, तिच्यासारखाच. टक् टक्, जरा थांबून टक्... आणि पुन्हा एकदा वाजवून पाहिला. ती मागत नव्हती काही. ती ताल धरत होती. माझ्या ताटावर, माझ्यासमोर. आणि मी वाढत होते.

गाणं कोणतं, ते शारदाला ठाऊक असेल. विचारायला खातीपुऱ्याला जावं लागेल... आणि तिथे जाऊन गप्प बसावं लागेल.