आईच्या कानातलं देशी मशीन

आईच्या कानातलं परदेशी मशीन बिघडलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. सुटा भाग बाहेरून यायचा होता. नुसता आवाज कमी-जास्त करायचा तरी त्या कंपनीचंच सॉफ्टवेअर लागायचं. माझ्या आईच्या कानाची किल्ली परक्याच्या खिशात! चिकलठाण्यात माझं इलेक्ट्रॉनिक्सचं वर्कशॉप होतं. ईर्ष्येनं मी तिथं देशी मशीन बनवलं. स्वस्त, बिघडलं तर इथंच दुरुस्त होणारं. पुढं परदेशी मशीन दुरुस्त होऊन आलं, ते मी कपाटात टाकून दिलं.

मी बोलायला लागलो की आई टक लावून माझ्या तोंडाकडं बघायची आणि बरोबर उत्तर द्यायची. मला वाटायचं, लेकाचं कौतुक आहे. मशीन घ्यायला आलेल्यांना मी तिच्यासमोरच बसवायचो. "आमच्या मशीनचा सेल तर संपतच नाही," असंही वर ऐकवायचो. स्वर्ग दोन बोटं उरला होता.

दोन-तीन वर्षांनी करोना आला. आईच्या वयाला जपायचं म्हणून घरातही आम्ही मास्क लावायला लागलो. आई एकदम गप्प झाली. काही विचारलं तर नुसती बघत राहायची. शेवटी एकदा चिडलीच.

"अरे, तोंडावरचं फडकं काढ की! काय बोलतोस ते दिसंना मला."

मी तिच्या कानातलं मशीन काढून बघितलं. बटण बंद. मग सेल संपणार कसा?

मास्क खाली ओढून विचारलं, "कधीपासून बंद आहे?"

"पहिल्यापासून. लई शिट्ट्या मारतंय ते. डोकं उठायचं."

"मग सांगायचं नाहीस?"

"चार लोकांत तू सांगितलंस, आईला ऐकू येतंय म्हणून. मी कशी नाय म्हणू?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या सेलची बढाई आठवली की अजून लाजेनं मान वर होत नाही. परक्यावर अवलंबून राहणं मला आजही पटत नाही. आमचं मशीन कच्चं होतं, सुधारायला वेळ लागणारच होता. पण तो वेळ आईच्या ऐकण्यातून कापून घ्यायचा मला काय अधिकार होता? पैसे, दुरुस्ती, सुटे भाग, सगळा हिशेब मी मांडला होता. तिला त्यात धरलंच नव्हतं.

कपाटातलं परदेशी मशीन काढलं, पुसलं, नवा सेल घातला. तिच्या कानात बसवून हाक मारली, "आई."

ती दचकली.

"तुझा आवाज असा म्हातारा कधी झाला रे?"